चौकशीचा फोन

पाळणाघरातल्या मदतनिसाने तीन वर्षांच्या मुलीचा हात पिरगळून मोडला. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी त्याला त्याच दिवशी काढलं आणि मुलीच्या आईवडिलांशी प्रकरण आपसांत मिटवलं.

"त्याला कामावर घेताना आधीच्या ठिकाणी चौकशी केली नव्हती?" वकिलांनी विचारलं.

"केली होती की. मुलांशी कसा वागतो म्हटलं, तर तिथल्या बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, वेळेचा अगदी पक्का आहे."

"शहाण्या निघाल्या. तुम्हीही चकार शब्द काढू नका. गुन्हा नोंदलेला नाही, उलट तोच अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल."

महिन्याभराने दुसऱ्या एका पाळणाघरातून फोन आला. त्यांना त्याला कामावर घ्यायचं होतं. फोनवर पलीकडे मुलं बडबडगीत म्हणत होती.

"मुलांशी कसा वागतो हो?"

बाई जरा थांबल्या.

"वेळेचा अगदी पक्का आहे."