प्रॉसर आणि प्रॉसर

"ग्लेनिसआंटी, बँक म्हणते तुम्ही त्यांच्या वकिलांच्या यादीतच नाही."

ग्लेनिस प्रॉसर हसली. "अगं, तुझ्या आजीच्या घराची कागदपत्रं याच टेबलावर झाली. यादीत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे नाही," कॅरिस म्हणाली. "कर्ज मंजूर आहे. पण कागद तपासणारा वकील त्यांच्या पॅनेलवरचाच हवा, नाहीतर पैसे सोडणार नाहीत म्हणे. आणि घर विकणारी ती बया महिनाअखेरच्या पुढे एक दिवस थांबायची नाही. दुसरं गिऱ्हाईक दाराशी उभंच आहे."

तिच्या शेजारी ह्यू टोपी मांडीवर घेऊन बसला होता. लग्न पुढच्या महिन्यात होतं. चॅपलशेजारचं ते घर हातचं गेलं तर दोघांना त्याच्या आईकडे राहावं लागणार होतं, आणि ह्यूची आई म्हणजे काय चीज आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

कुठे चुकलं ते ग्लेनिसच्या लक्षात आलं. फर्ममध्ये कोण कोण आहे हे दरवर्षी बँकेला कळवावं लागतं. ते काम तिच्या नवऱ्याचं, एम्लिनचं. एम्लिन जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यानंतर ते कुणी केलंच नव्हतं. बाकीच्या बँकांनी तिला कधीच वगळलं होतं. ही एक उरली होती. ही गेली की घरखरेदीची कामं संपली. मग राहिली मृत्युपत्रं, आणि मृत्युपत्राचं गिऱ्हाईक काही पुन्हा पुन्हा येत नाही.

"थांब, आत्ता लावते फोन," ती म्हणाली. दोघांना ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर चालू केला.

बँकेचा माणूस मोठा अदबशीर होता. "काही काळजी करू नका, मिसेस प्रॉसर. नाव आजच पुन्हा यादीत घालता येईल. फक्त नियमाप्रमाणे फर्ममध्ये किमान दोन भागीदार हवेत. तुमच्याकडे किती आहेत?"

"दोन," ग्लेनिस म्हणाली.

इतकं सहज आलं तोंडातून की तिचं तिलाच नवल वाटलं. दारावरची पाटीही तेच सांगत होती. कॅरिसने मान वर केली. एम्लिनच्या अंत्ययात्रेला ती आली होती. ह्यू तर खांदा द्यायला होता.

"उत्तम. दुसरे भागीदार?"

"एम्लिन प्रॉसर."

"आहेत का ऑफिसात? त्यांचाही होकार लागेल. तोंडी चालेल."

कॅरिसने ह्यूला कोपर मारलं. त्याने डोळे वटारले. तिने आणखी जोरात मारलं आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, 'बोल ना, ठोंब्या!'

ह्यू खाकरला. चॅपलच्या गायकवृंदात तो सगळ्यात खालच्या पट्टीत गायचा. तोच आवाज काढून तो म्हणाला, "हॅलो. एम्लिन प्रॉसर बोलतोय."

ग्लेनिसचा हात आपसूक केसांकडे गेला.

त्या खोलीत त्या नावाला कुणी ओ दिल्याला किती दिवस झाले होते! खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आणखी एकदा बोलावं त्याने, असं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच तिला भीती वाटली.

"नाही," ती म्हणाली. "ते एम्लिन नाहीत. माझे यजमान वारले. इथे मी एकटीच आहे."

ती हे आजवर कुणालाच मोठ्याने बोलली नव्हती.

पलीकडचा माणूस म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून, मॅडम. मग मात्र मला नाव कायमचं काढावं लागेल. जरा थांबता का?" आणि फोनवर कसलंसं संगीत सुरू झालं.

ह्यू कानापर्यंत लाल झाला होता. कॅरिसचे डोळे भरले. "आंटी, चुकलं माझं. मला वाटलं, तेवढंच तुमचं पण काम होईल..."

"वेडी का तू? घर महत्त्वाचं." ग्लेनिसने फाईल बांधून तिच्या हातात दिली. "कार्डिफ शहरातली मोठी फर्म गाठ, ती यादीत असणारच. घराजवळच्या कालव्याचं आणि हद्दीचं सगळं मी आधीच तपासलंय, त्यांना फार वेळ लागायचा नाही. पळा, दुपारच्या आत पोचाल. आणि ए ह्यू, आवाज चांगला आहे हो तुझा."

दोघं गेली. कॅरिस दारातून परत वळून तिच्या गालाचा मुका घेऊन गेली. संगीत चालूच होतं. ग्लेनिसने फोन बंद केला नाही.

"थांबल्याबद्दल आभार, मॅडम," तो माणूस परतला. "नोंद केली. आणखी काही मदत करू शकतो का?"

दुसरं कुणी असतं तर नाही म्हणून मोकळं झालं असतं. ग्लेनिस म्हणाली, "हा नियम कशासाठी हो? दोन माणसांचा?"

"तसं विशेष काही नाही. एकट्या माणसाचं काही चुकलं, तर बघायला शेजारी कुणी नसतं. एवढंच."

"ते मात्र खरंय," ग्लेनिस म्हणाली. "परवा मी दिवसभर उलटा स्वेटर घालून बसले होते इथे. रात्री आरशात दिसला."