आत्याची मांडी

विमल अणुवीज केंद्रात इंजिनिअर होती. सुट्टीला गावी आली की किरणं मोजायचं यंत्र घेऊन साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत शाळाशाळांत जायची, "भिऊ नका" म्हणून पोरांना समजावायची. पण तिच्याच भावजयीची, राणीची भीती काही जाईना. बारशाला बाळ आत्याच्या मांडीवर द्यायची वेळ आली, तशी राणी आडवी आली.

"वन्सं, रागावू नगा. तुमच्या अंगात ती किरणं मुरली असत्याली. नाव लांबनंच सांगा."

"तूच बघ की गं," म्हणत विमलनं यंत्र स्वतःच्या छातीला लावलं. एखाददुसरं टिक् वाजलं, तेवढंच. मग राणीची खात्री पटावी म्हणून तिनं ते आजीच्या कुशीतल्या बाळाकडं नेलं.

यंत्र लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. राणी पांढरीफटक पडली.

आजी, सुलाबाई, चाचरत म्हणाली, "काल सांगलीला माज्या काळजाच्या तपासणीत किरणांची सुई टोचली. तान्ह्याला दोन दिस घिऊ नगा म्हनला डाक्टर. पर बारशादिवशी नातवाला न्हाई कसं म्हनू?"

 

राणीनं बाळ हिसकून घेतलं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं.