पाचला चार मिनिटं

ऑपरेशनपूर्वी मास्तरांनी ब्लॉगवरची निरोपाची पोस्ट पाचला आपोआप झळकेल अशी लावून ठेवली होती. जगलो तर काढून टाकू, असा विचार. ऑपरेशन लांबलं. ते शुद्धीवर आले तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती आणि दोन्ही हातांत सुया. "अगं, ती पोस्ट उडव! नाहीतर जिवंतपणी मेल्याची बोंब उठेल." खोलीत रेंजचा पत्ता नव्हता. बायकोनं स्टुलावर चढून फोन खिडकीबाहेर धरला. चक्र फिरलं, पोस्ट उघडली. 'वाचकहो, आता मी नाही. बायकोला जे कधी बोललो नाही, ते…' "वाचू नकोस, नुसती उडव!" ती वाचतच राहिली. "एकच मिनिट राहिलंय!" तिनं चष्मा पुसला, शेवटपर्यंत वाचलं, मग बटण दाबलं. चक्र अडलं, फिरलं. "उडाली?" "उडाली." ती खाली उतरून उशाशी बसली. "आता तोंडानं सांगा. आणि 'वाचकहो' नको."