सगळे चिंचेखाली

"लाइव्ह सुरू झालं का?" हरिओमने विचारलं.

"झालं भाऊ. पण मशीन पार जवळ आलंय," तृप्ती धापा टाकत म्हणाली. तिच्या एका हातातल्या मोबाइलवरून चित्रण चाललं होतं, दुसरा कानाला होता.

हरिओम तालुक्याच्या गावी, मंठ्यात, आपल्या खोलीत बसून पडद्याकडे बघत होता. गावाच्या तोंडाशी असलेली जुनी चिंच, तिच्यासमोर रस्त्याच्या कंत्राटदाराचं खोदायचं मशीन. 'हिरवा तालुका' हे हरिओमचं पान हजारो लोक बघत. त्याच्याच व्हिडिओमुळे आठवडी बाजारामागे प्लास्टिक जाळणं थांबलं होतं. आज चिंच पडणार, ही बातमीही सगळ्यांच्या आधी त्यानेच टाकली होती.

"माणसं कमी दिसायलेत. कॅमेरा फिरव. सगळ्यांचे चेहरे दिसू दे."

तृप्तीने मोबाइल फिरवला. कारभारी दिसले, तुळजाबाई दिसल्या, शाळेची पोरं दिसली.

"बाकीचे?"

"द्वारकाकाकू अन् कचरूमामा नदीवर हायेत. आज त्यांची पाळी हाय."

नदीपात्रातल्या विहिरीचं पाणी सगळं गाव पीत होतं. मागच्या साली वाळूचोरांनी ट्रॅक्टर घालून वाळू उपसून नेली आणि उन्हाळ्यात विहिरीत नुसता चिखल उरला. तेव्हापासून रोज दोन घरांनी काठावर बसायचं, ट्रॅक्टर दिसला की गावाला फोन करायचा, अशी पाळी तृप्तीनेच लावून दिली होती.

"त्यांनाही बोलव," हरिओम म्हणाला. "म्हातारी बाई आडवी बसली की मशीनवाला बिचकतो."

"पाळीवरून आजवर कुणाला उठवलं न्हाई, भाऊ. विहीर गेली तर गाव पाण्याला मुकंल."

"नदी कुठं पळून चालली का? झाड मात्र आत्ता जाईल. मंग तूच ठरव."

मशीनचे दात बुंध्याजवळ आले. तृप्तीने नदीवर फोन लावला.

द्वारकाबाई अनवाणीच धावत आल्या. मागून कचरू. "लई जल्दी केली बाई तू! चपला बी काठावरच राह्यल्या," असं म्हणत द्वारकाबाईंनी बुंध्याला पाठ लावून बसकण मारली.

"मावशी, घरी जा. भाकऱ्या थापा," मशीनवाला ओरडला.

"तू थाप! मशीन मी चालवते!"

पोरं हसली. मशीन मात्र थांबलं नाही. लोखंडी सोंड वर उठली, द्वारकाबाईंच्या डोक्यावर आली. तृप्तीने मोबाइल तिथेच रोखून धरला. कुणी जागचं हललं नाही.

तेवढ्यात मशीनवाल्याचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, 'जी शेठ' म्हणाला आणि मशीन वळवून आल्या वाटेने निघून गेला.

एकच आरडाओरडा झाला. तृप्तीला रडूच फुटलं. "वाचलं, भाऊ! झाड वाचलं!"

"शाब्बास. पण उठू नका. तो फिरून येईल. दिवस मावळेपर्यंत सगळे तिथंच बसा अन् लाइव्ह चालू ठेवा."

"बिलकुल न्हाई उठत."

हरिओमने पडद्यावरचा एकेक चेहरा पुन्हा नीट पाहिला. मग त्याने दुसरा नंबर लावला.

"शेठ, नदीवर आता कुणीच न्हाई. ट्रॅक्टर घाला."