पहिल्या वर्षाची फुलं

नामदेवरावांचा हात फुलांच्या घोसापाशी गेला आणि तिथंच थांबला. दोन बोटांत धरायचं आणि खुडायचं, एवढंच काम. चाळीस वर्षं तेच करत आले होते. आज बोटं काही मिटेनात. त्यांनी मागं वळून पाहिलं. खिडकीच्या आत खाटेवर टेकून मालनबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. नामदेवरावांनी उगाच एक वाळकं पान काढलं, हात झटकले आणि आत आले.

झाड टॅमरिलोचं, म्हणजे झाडाला लागणाऱ्या टोमॅटोचं. फळ अंड्याएवढं, लालभडक, आंबटगोड. लेक रेणू निलगिरीत शिक्षिका आहे. मालनबाई मागच्या मे महिन्यात तिच्याकडं गेल्या, तिथं या फळाची चटणी खाल्ली आणि खुळावल्याच. येताना रेणूनं फांदीच्या सात काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. हैदराबादचं ऊन कुणाची गय करत नाही, सहा काड्या वाळून गेल्या. सातवी अंबरपेठेतल्या त्यांच्या परसात भिंतीच्या सावलीला तगली. बी लावलं असतं तर झाड आधी नुसतं सरळ वर गेलं असतं, फुलायला वेळ लावला असता. पण काडी जुन्या झाडाची, ती मुळातच जाणती. कमरेएवढी झाली न झाली तोच फांद्या फोडल्या आणि डिसेंबरात फुलली. तेच तर वाईट. मुळं अजून कोवळी, आणि ही निघाली लेकरं वाढवायला.

म्हणून नामदेवरावांचा नियम होता. काडीनं लावलेल्या झाडाची पहिल्या वर्षाची फुलं खुडायची, सगळी. डाळिंबाची खुडली, मोगऱ्याची खुडली, जास्वंदीचीसुद्धा सोडली नाही. रेणू लहान असताना डाळिंबाच्या पहिल्या कळीसाठी दिवसभर उपाशी बसली, तरी या गृहस्थाला पाझर फुटला नाही. मालनबाई शेजारणींना सांगायच्या, आमच्याकडं कंसमामा आहेत, पहिलं लेकरू दिसलं की आपटलंच.

यंदाची गोष्ट निराळी होती. नोव्हेंबरात मालनबाईंना तपासल्यावर डॉक्टरांनी नामदेवरावांना एकट्याला आत बोलावलं. सहा महिने, म्हणाले, फार तर सात. नामदेवराव बाहेर आले आणि मालनबाईंना सांगितलं की तब्येत सुधारतेय, फक्त अशक्तपणा आहे. मालनबाईंच्या तोंडाची चव गेली होती. वरण नको, भात नको. एकच ध्यास, ती चटणी. रेणू म्हणाली, फळं पार्सलनं पाठवते. तर म्हणाल्या, "नक्को. एवढं पाणी घातलंय, मला माझ्या दारचं खायचंय." नामदेवरावांनी महिने मोजले. फुलापासून पिकल्या फळापर्यंत पाच. कसंबसं बसत होतं. फळांच्या ओझ्यानं झाड खंगणार आणि मेच्या उन्हात जाणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. जाऊ दे झाड, त्यांनी ठरवलं.

"फुलं खुडली नाहीत?" मालनबाईंनी विचारलं.

"ही डोंगरातली जात आहे. हिची खुडायची नसतात," नामदेवराव तोंड फिरवून म्हणाले.

"हौ का," मालनबाई म्हणाल्या आणि पांघरूण ओढून घेतलं.

त्यानंतर त्या रोज सकाळी विचारायच्या, किती घोस आले? नामदेवराव परसात जाऊन मोजून यायचे. पाच, सात, नऊ. आपली थाप पचली म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचे.

अशात एकदा ते निंबोळी पेंड आणायला अफझलगंजला गेले. परत आले तर खाट रिकामी. न्हाणीत पाहिलं, तिथं नाहीत. मागचं दार उघडं होतं. परसात झाडाजवळ स्टुलावर मालनबाई बसल्या होत्या. खाटेवर उठून बसायलाही ज्यांना हात द्यावा लागायचा, त्या भिंत धरत धरत एकट्या तिथवर आल्या होत्या. कपाळावर घाम होता. पदरात फुलांचा ढीग होता आणि झाड जवळजवळ बोडकं झालं होतं.

"अगं, काय करायलीस हे?" नामदेवरावांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"पहिलं वर्ष आहे. मुळं धरू द्या त्याला," मालनबाई म्हणाल्या. "एकदा फळ धरलं असतं, तर मग माझ्याच्यानंही खुडवलं नसतं."

"पण तुला खायचं होतं ना, मालन?"

"पुढच्या साली येतील की."

नामदेवरावांनी तेवढाच धागा पकडला. "हौ, बरोबर आहे तुझं. पुढच्या साली आपण दोघं मिळून करू चटणी."

मालनबाईंनी त्यांच्याकडं निवांत पाहिलं.

"चाळीस वर्षांत तुम्ही एकदाही पहिल्या वर्षाची फुलं ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या. "लेक उपाशी बसली तरी नाही. यंदा ठेवलीत, त्याच दिवशी मला कळलं डॉक्टर काय बोलले ते."

नामदेवराव मातीतच बसले. तीन आठवडे हिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून रोज सकाळी विचारत होती, किती घोस आले. त्यांची थाप उघडी पडू नये म्हणून विचारत होती. एवढा संसार झाला, पण आपल्या घरात केवढं मोठं माणूस राहतं हे त्यांना आज दिसत होतं. तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि आपल्याच बायकोच्या पाया पडायचं तरी कसं, ते कळेना.

मालनबाईंनी पदर झटकून फुलं बुंध्याशी ओतली.

"वरचा एक घोस राहिलाय, माझा हात पुरत नाही," त्या म्हणाल्या. "तेवढा तुम्ही खुडा. पुढच्या साली एकट्यानं भाकरी कशाशी खाल?"