दुभाषी

चाकणच्या कारखान्यातले जर्मन क्रूगरसाहेब आठ वर्षांनी मायदेशी परतणार होते. नव्या साहेबांसाठी दुभाषी हवी होती. विद्यापीठात जर्मन आणि अर्थशास्त्र घेऊन पहिली आलेली शर्वाणी मुलाखतीत क्रूगरसाहेबांना आवडली. तिला कामगारांसमोर नेऊन त्यांनी आपलं जर्मन बोलणं समजावून सांगायला लावलं.

शर्वाणी आत्मविश्वासाने म्हणाली, "प्रॉडक्टिव्हिटी इम्प्रूव्ह झाली, तर मॅनेजमेंट तुमच्या लीव्हज रिकन्सिडर करेल."

"ताई, मराठीत सांगा की," एक वयस्कर कामगार म्हणाला.

आपण मराठीतच बोललो, असं तिला वाटत होतं. तिचा चेहरा पडला. दुसरे शब्द सुचेनात.

"माल जास्त काढा, सुट्ट्या वाढवून देतो," शेवटी साहेबच म्हणाले.

नोकरी शर्वाणीलाच मिळाली. क्रूगरसाहेब जाईपर्यंत महिनाभर ती रोज त्यांच्याकडून मराठी शिकली. अडलं की साहेब जर्मनमध्ये समजावून सांगत.