बांधाबांधानं

सात नंबरचा ठिपका फाट्यावर थांबला आणि पुढं सरकेना.

योगितानं स्क्रीनकडं पाहिलं. संस्थेच्या अकरा शाळाबस, त्यांचे अकरा ठिपके, तेलगावच्या चहूबाजूंनी दाणे टाकल्यासारखे पसरलेले. ठरल्या वाटेवर गाडी असली की ठिपका हिरवा, वाट सोडली की तांबडा. तांबडा झाला की तिनं फोन करायचा आणि गाडी माघारी वळवायची. सकाळी चार तास, दुपारी चार तास, एवढंच तिचं काम.

ड्रायव्हर बजरंगचाच फोन आला.

"योगिताताई, धनगराची सायली गाडीत एकलीच राहिली. तिची आई फाट्यावर आली न्हाई."

"अन् बाप?"

"त्याचा फोन लागंना. मेंढरांचा वाडा सकाळीच हलला म्हणं, त्या गडबडीत असंल ती. ही हात करून दावती, त्यो धुरळा उडतोय ना, त्यो आमचा."

शाळेच्या कागदावर प्रत्येक पोराला एक थांबा होता. सायलीचं नाव घातलं त्या दिवशी मेंढरं फाट्याजवळच्या रानात बसली होती, म्हणून तिच्या नावापुढं फाटा लिहिला गेला. तेव्हापासून वाडा पंधरा रानं हिंडला. जिथं असेल तिथून आई रोज फाट्यापर्यंत चालत यायची, त्यामुळं कागदातली चूक कुणाच्या ध्यानातच आली नाही.

"कुणाच्या रानात बसलाय आता?"

"तुमच्याच. धोंडीराममामांच्या."

तिला आठवलं. भाकरी खाताना सासरे म्हणाले होते, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आज मेंढरं बसवतो रानात, तेवढंच खत. ती "हं" म्हणाली होती. वर्षभर ती सगळ्यालाच "हं" म्हणत होती.

"गाडीनं गेलं तर पाच मिनिटाचं काम हाय, ताई. पाटाच्या कडंनं..."

डोक्यावर पंखा फिरत होता.

गेल्या वर्षी पाच नंबरची गाडी लवकर पोचायचं म्हणून पाटाच्या कडेनं गेली आणि पाण्यात कलंडली. सतरा पोरं वर निघाली. तिचा हरिओम निघाला नाही. त्यानंतर संस्थेनं सगळ्या गाड्यांवर ही यंत्रं बसवली आणि तिला या खुर्चीवर. पाच नंबर आता कुठल्याच गाडीला नाही.

"ठिपका तांबडा होईल," ती म्हणाली. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"ठावं हाय मला. तुमी व्हय म्हणलात तर नेतो. न्हाई म्हणलात तर न्हाई."

वाट बदलायची परवानगी द्यायचं बटण तिच्याच हाताखाली होतं. आजवर तिनं ते एकदाही दाबलं नव्हतं.

"माघारी आणा तिला."

"आणून कुणाच्या हाती देऊ? तिकडं आई हिंडंल की फाट्याफाट्यानं." मग त्याचा आवाज थोडा सैल झाला. "ही काय म्हणती बघा. म्हणती, काका, तुमाला भ्या वाटतंय का."

"काय सांगितलंत?"

"व्हय म्हणलं."

योगिताचं बोट बटणावर गेलं. तिथंच राहिलं. मग तिनं ते उचललं आणि पदराच्या टोकात गुंडाळून धरलं.

"गाडी तिथंच राहू द्या. चालत न्या तिला. पाटाकडनं नको, बांधाबांधानं."

"अर्धा तास लागंल."

"लागू द्या."

"फोनला दोन टक्के हायत, ताई. बंद पडला तर..."

बंद पडलाच.

सात नंबर फाट्यावर उभा होता, हिरवागार. खाली अक्षरं आली होती, 'गाडी थांब्यावर. सुरक्षित.' गाडीत कुणीच नव्हतं. दहा मिनिटं ती त्या ठिपक्याकडं बघत बसली. मग तिनं सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, तुमी रानातच ना?"

"हाव की. मेंढरं आवरायलोत. कावून गं, आज फोन केलास?"

"फाट्याकडनं बांधानं कुणी येतंय का, बघा."

"कोण यायचंय?"

"बघा तुमी."

धोंडीराम उठले असावेत. मेंढरांचा गलका जवळ आला, लांब गेला. "दोघं दिसायलीत. एक मोठं, एक ल्हान."

"ल्हान चालतंय का?"

"चालतंय कशाचं, पळतंय पुढं पुढं."

"फोन ठेवू नका."

"न्हाई ठेवत."

"आता?"

"बोरीपाशी." जरा वेळानं, "आता दिसंनात."

योगिता खुर्चीतून उठली. "मामा."

"वगळीच्या घळीत उतरली असतील गं. थांब."

ती थांबली. टेबलाची कड तिनं दोन्ही बाजूंनी धरली होती, फोन खांद्यात दाबून.

"निघाली वर," धोंडीराम म्हणाले. "ल्हान आधी निघालं."

टेबलाची कड सोडून तिनं फोन हातात घेतला.

"आली बघ. आई धावली तिची. कुठं गेलतीस म्हणून धपाटा घातला, अन् आता तोंडावरनं हात फिरवायली." मग म्हातारा हळू बोलला, जसं वर्षभरात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. "पोचलं बाई लेकरू. ठेवू का आता?"

"नका," योगिता म्हणाली. "अजून सांगा."

त्यांनी काय सांगू म्हणून विचारलं नाही.

"दप्तर काढलं तिनं," ते सांगू लागले. "आता पाणी पितीय."